लिंक्डइनवर कंपनीचे पेज कसे उभे राहते? बीड जिल्ह्यातील उद्योगांसाठी सविस्तर माहिती

बीड जिल्ह्यातल्या बहुतेक धंद्यांचा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. दर, मालाचे फोटो, ट्रकचा नंबर, पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट, सगळे तिथेच. ओळखीच्या गिऱ्हाइकापुरते ते पुरतेही. अडचण येते ती अनोळखी माणसाशी पहिला व्यवहार करायचा असतो तेव्हा. रुईगाठी घेणारी सूतगिरणी असो की सीताफळाचा गर घेणारा मुंबईचा आइस्क्रीम कारखाना, तिथला खरेदी अधिकारी आगाऊ रक्कम पाठवण्याआधी कंपनीचे नाव इंटरनेटवर शोधतोच. काहीच सापडले नाही तर माल कितीही चांगला असला तरी फोन पुढच्या पुरवठादाराला जातो.

या शोधात बऱ्याचदा वरच दिसणाऱ्या जागांपैकी एक म्हणजे लिंक्डइन. मे २००३ मध्ये सुरू झालेले हे व्यावसायिक ओळखींचे संकेतस्थळ २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलरला विकत घेतले. २०२३ मध्ये भारतातल्या सदस्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. अमेरिकेनंतर सर्वाधिक सदस्य भारतातच आहेत. इथे माणसाचे असते ते प्रोफाइल आणि संस्थेचे असते ते पेज. पेज काढायला पैसे पडत नाहीत.

बीडसाठी हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा का?

कारण जिल्ह्याचे नाव बाहेर कोणत्या संदर्भात पोहोचते ते सगळ्यांना माहीत आहे. दुष्काळ, ऊसतोड कामगारांचे स्थलांतर आणि अलीकडे गुन्हेगारी. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड आल्याने ती झाली, असा आरोप तपास यंत्रणेने ठेवला आणि पुढचे कित्येक महिने बीडचे नाव त्याच बातम्यांत राहिले. त्याच सुमारास पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींच्या बातम्याही होत्याच. बाहेरचा खरेदीदार ‘बीड’ आणि एखाद्या कंपनीचे नाव एकत्र शोधतो तेव्हा जिल्ह्याच्या बातम्या त्याला दिसणारच. कंपनीची स्वतःची माहिती तिथे नसेल, तर त्याचे मत बनवायला तेवढ्या बातम्याच उरतात.

उलट बाजूचे उदाहरणही जिल्ह्यातच आहे. आष्टी तालुक्यातील सांगवी पाटणचे दादासाहेब भगत यांनी दहावीनंतर आयटीआय केले आणि पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉयची नोकरी धरली. तिथे संगणकावर काम करणारी माणसे पाहून ते ग्राफिक डिझाइन आणि अ‍ॅनिमेशनकडे वळले, ‘नाइन्थ मोशन’ नावाची कंपनी काढली आणि नंतर डिझाइनची तयार टेम्प्लेट देणारे ‘डूग्राफिक्स’ उभे केले. लॉकडाउनमध्ये पुण्याचे ऑफिस सुटले, तेव्हा गावाजवळच्या टेकडीवर मोबाइलची रेंज बरी मिळते म्हणून तिथल्या शेडमध्ये काम सुरू झाले. पुढे शार्क टँक इंडियात अमन गुप्ता यांनी १० टक्के हिश्श्यासाठी १ कोटी रुपये देऊ केले. शेडमधून काम करतो हे त्यांनी लपवले नाही, उलट त्याचीच बातमी झाली. अर्थात प्रत्येकाच्या वाट्याला टीव्ही येत नाही आणि डिझाइन विकणाऱ्याला माल ट्रकमध्ये भरावा लागत नाही. पण पत्ता लपवण्याची गरज नाही, एवढे यातून नक्की दिसते.

पेज कोणाच्या नावाने निघते?

इथेच सर्वांत जास्त घोळ होतात. लिंक्डइनवर कंपनीला स्वतंत्र लॉगिन नसते. कुणीतरी आपल्या वैयक्तिक प्रोफाइलवरून पेज काढतो, आपण कंपनीचे अधिकृत प्रतिनिधी आहोत या चौकटीत खूण करतो आणि पेजचा ‘सुपर अ‍ॅडमिन’ होतो. नवे पाहुणे आत घ्यायचे की बाहेर काढायचे, पेज बंद करायचे की चालू ठेवायचे, हे सगळे त्याच्या हातात असते. त्याखाली ‘कंटेंट अ‍ॅडमिन’ असतो, तो पोस्ट टाकू शकतो. आणि ‘अ‍ॅनालिस्ट’ असतो, त्याला फक्त आकडेवारी दिसते.

गावाकडे हे काम बहुधा पुण्यात शिकणाऱ्या पुतण्याकडे किंवा लोगो करून देणाऱ्या डिझायनरकडे जाते. तो पेज काढतो, दोन-चार पोस्ट टाकतो आणि नोकरी बदलली की विसरून जातो. मालकाकडे मात्र पेजची चावी नसते. अशा वेळी मालकाने आपल्या प्रोफाइलवर त्या कंपनीतले चालू पद लिहून पेजचा ताबा मागण्याची विनंती पाठवावी लागते. तिची तड लागायला वेळ जाऊ शकतो. म्हणून पहिला सुपर अ‍ॅडमिन मालक किंवा संचालकच असावा, दुसरा घरातला किंवा भागीदार असावा, आणि डिझायनरला कंटेंट अ‍ॅडमिनच्या वर नेऊ नये. शेतकरी उत्पादक कंपनीत तर संचालक मंडळ बदलत असते. तिथे नव्या मंडळाकडे शिक्के आणि चेकबुक सोपवतात त्याच बैठकीत पेजचे अधिकारही सोपवण्याचा ठराव करावा.

आज नोंदणी केलेल्या, ओळखी नसलेल्या कोऱ्या प्रोफाइलवरून पेज काढू गेले तर लिंक्डइन अडवू शकते. आधी खरे नाव, फोटो आणि कामाचा अनुभव भरून ओळखीची काही माणसे जोडलेली बरी. भारतात आधारच्या आधारे डिजिलॉकरमार्फत प्रोफाइलची ओळख पडताळून घेता येते, त्याला शुल्क नाही. मालकाच्या नावापुढे ही खूण असली की अनोळखी खरेदीदाराची अर्धी शंका तिथेच मिटते.

नाव, पत्ता आणि स्पेलिंग

पेज काढण्याआधी आपल्या कंपनीचे नाव लिंक्डइनवर शोधून पाहावे. कुणा जुन्या कामगाराने आपल्या प्रोफाइलवर कंपनीचे नाव टाकलेले असेल, तर लिंक्डइनने आपोआप तयार केलेले एखादे रिकामे पेज सापडू शकते. ते सापडले तर त्यावर दावा करता येतो. तसे न करता दुसरे काढले की कर्मचारी दोन पेजवर वाटले जातात.

नाव जीएसटी आणि उद्यम नोंदणीवर आहे तसेच, अक्षर न अक्षर. बिलावर ‘अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज’ आणि पेजवर ‘अ‍ॅग्रो फूड्स’ असे असले तर पडताळणी करणारा लेखापाल तिथेच थांबतो. पत्त्याचीही एक गंमत आहे. निजामाच्या काळातल्या इंग्रजी कागदांत बीडचे स्पेलिंग ‘भीर’ असे वाचले जाईल असे आहे. पुढेही वेगवेगळी स्पेलिंग चालत राहिली. आज दोन ‘ई’चे स्पेलिंग सरकारी आहे, तेच वापरावे. शेजारच्या शहरांची नावेही बदलली आहेत. परराज्यातला माणूस अजून औरंगाबाद आणि अहमदनगर म्हणून नकाशा शोधतो. वर्णनात अंतर सांगताना छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर यांच्यासोबत एकदा जुने नावही दिले तर त्याची सोय होते. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड ते अहिल्यानगर रेल्वे धावू लागली आहे, तेही लिहायला हरकत नाही. बाहेरच्या अनेकांना बीड अजून रेल्वेविनाच माहीत आहे.

‘आमच्याविषयी’ मध्ये काय लिहायचे?

नावाखालच्या ओळीला १२० अक्षरांची मर्यादा असते, मुख्य वर्णनाला २,००० अक्षरांची. बहुतेक पेजवर ही जागा ‘गुणवत्ता हेच आमचे ध्येय’ यात खर्ची पडते. त्यातून खरेदीदाराला काहीच कळत नाही.

वडवणी किंवा माजलगावच्या जिनिंगने काय लिहावे? जिनिंग यंत्रे किती, प्रेस आहे का, हंगामात दिवसाला १७० किलोच्या किती गाठी बांधल्या जातात, धाग्याची लांबी आणि ओलावा कुठे तपासला जातो, गोदाम किती गाठींचे. सीताफळाचा गर काढणाऱ्याने अन्नसुरक्षा परवाना, शीतगृहाची क्षमता, पॅकिंगचे वजन आणि हंगामाचे महिने द्यावेत. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण म्हणून जिल्ह्यातल्या कुणालाही ते चिन्ह पेजवर लावता येत नाही. त्यासाठी ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी लागते. ती नसताना चिन्ह लावणे कायद्यात बसत नाही, आणि निर्यातीतला खरेदीदार नेमकी तीच नोंदणी मागतो.

वर्णन साध्या इंग्रजीत असावे, कारण वाचणारा कोइमतूरचाही असू शकतो. पोस्ट मराठीत चालतात.

पेजवर माणसे कुठून येतात?

पेजपेक्षा माणसांच्या प्रोफाइलवरून टाकलेली पोस्ट जास्त लोकांपर्यंत जाते, हा बहुतेकांचा अनुभव. त्यामुळे पेज हा पत्ता समजावा आणि बोलणे मालकाने, प्लांट मॅनेजरने आपापल्या नावाने करावे. कर्मचाऱ्यांनी अनुभवाच्या रकान्यात कंपनीचे नाव नुसते टाइप न करता खाली येणाऱ्या यादीतून निवडावे. तसे केले तरच लोगो दिसतो आणि माणूस पेजशी जोडला जातो. ओळखीच्यांना पेज फॉलो करण्याचे आमंत्रण पाठवता येते. त्याला मर्यादा असते, म्हणून ती शाळेतल्या मित्रांवर उधळण्यापेक्षा व्यापारी, वाहतूकदार, बँक अधिकारी आणि कृषी विद्यापीठातले ओळखीचे यांच्यावर खर्च करावी.

पोस्ट काय टाकायची, हा प्रश्न बीडमध्ये वेगळ्या कारणाने अवघड आहे. चौकाचौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स पाहून वाढलेल्या हाताला पेजही फ्लेक्ससारखेच भरावेसे वाटते. नेत्याला शुभेच्छा, सणाच्या शुभेच्छा, सत्काराचा फोटो. लिंक्डइनवर यातले काही चालत नाही असे नाही, पण नेत्याचा फोटो लावला की कंपनी एका गटाची ठरते आणि दुसऱ्या गटाचा व्यापारी बाजूला होतो. त्यापेक्षा या आठवड्यात आलेल्या कापसातला ओलावा, नव्या यंत्राची चाचणी, परत आलेली एक खेप आणि त्यानंतर पॅकिंगमध्ये केलेला बदल, हे वाचले जाते. आठवड्याला एक पोस्ट पुरे. हंगामात कामाच्या गर्दीत तेही जमत नाही. महिन्याला दोन झाल्या तरी पेज जिवंत दिसते.

नोकरीची जाहिरात आणि फसवणूक

लिंक्डइनवर एका वेळी एक जागा मोफत जाहीर करता येते. याचा बीडला खरा उपयोग आहे. चाकण आणि हिंजवडीत काम करणारे जिल्ह्यातले कितीतरी तरुण आई-वडिलांसाठी किंवा शेतीसाठी परतायला तयार असतात, फक्त गावाजवळ गुणवत्ता तपासनीस किंवा लेखापालाची जागा आहे हे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. जाहिरातीत पगाराचा आकडा लिहिला तर नुसत्या चौकशीचे फोन कमी होतात.

मात्र कंपनीच्या नावाने खोटी जाहिरात टाकून ‘नोंदणी शुल्क’ उकळणारेही याच मार्गाने येतात. भरतीसाठी कुणाकडूनही पैसे घेतले जात नाहीत, हे वाक्य पेजवर कायम असावे. कंपनीत कधीच नसलेला माणूस स्वतःला कर्मचारी म्हणवत असेल, तर अ‍ॅडमिनला त्याची तक्रार लिंक्डइनकडे करता येते. अशी फसवणूक कळली तर राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच नोंद करावी.

फॉलोअरचा आकडा पाहून खूश किंवा नाराज होण्यात अर्थ नाही. मोफत पेजच्या अ‍ॅडमिनला पेज पाहून गेलेल्यांची नावे दिसत नाहीत, पण ते कोणत्या शहरातले, कोणत्या क्षेत्रातले आणि कोणत्या पदावरचे, हे दिसते. गावातले दोन हजार फॉलोअर असलेल्या जिनिंगपेक्षा, ज्या पेजवर महिन्यात इचलकरंजी किंवा कोइमतूरच्या वस्त्रोद्योगातले दहा जण येऊन गेले, त्याचे काम चालू आहे. त्या दहांतला एखादा फोन करतो तेव्हा पेजवरचा नंबर लागला पाहिजे, आणि उचलणाऱ्याला गाठींचा आजचा साठा सांगता आला पाहिजे.