स्कोप ३ म्हणजे काय? कंपनीचे कार्बन उत्सर्जन कोणाच्या खात्यावर लिहायचे?

ॲपल आयफोन विकते, पण तो स्वतः बनवत नाही. चिप तैवानच्या टीएसएमसीकडून येते आणि जुळवणीचे काम फॉक्सकॉनसारखे कंत्राटदार चीनमध्ये व भारतात करतात. आपली कार्यालये, दुकाने आणि डेटा सेंटर १०० टक्के स्वच्छ विजेवर चालतात, असे ॲपलने २०१८ मध्ये जाहीर केले. मात्र कंपनीच्या कार्बन हिशेबातला सर्वांत मोठा वाटा त्यात येतच नव्हता. तो आहे उत्पादनाचा, म्हणजे पुरवठादारांच्या कारखान्यांचा. अशा उत्सर्जनाला ‘स्कोप ३’ म्हणतात.

तीन खाती

ही वर्गवारी ‘जीएचजी प्रोटोकॉल’ या नियमावलीतली आहे. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या दोन संस्थांनी ती २००१ मध्ये प्रसिद्ध केली. स्कोप ३ ची स्वतंत्र नियमावली २०११ मध्ये आली.

कोल्हापुरातली एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणली की फरक चटकन कळतो. भट्टीत जळणारा कोक आणि जनरेटरचे डिझेल हा स्कोप १. महावितरणकडून घेतलेली वीज हा स्कोप २. धूर दूरच्या औष्णिक केंद्रातून निघतो, पण वीज वापरली फाउंड्रीने. बाकीचे सगळे स्कोप ३ मध्ये जाते: विकत घेतलेले कच्चे लोखंड, मालाची वाहतूक, कामगारांचे येणे-जाणे, विकलेल्या मालाचा पुढचा वापर. नियमावलीत असे एकूण १५ प्रकार आहेत.

आता हीच फाउंड्री एका ट्रॅक्टर कंपनीला कास्टिंग पुरवते असे धरू. फाउंड्रीचा स्कोप १ आणि २ हा ट्रॅक्टर कंपनीचा स्कोप ३ होतो. एकच टन अनेकांच्या वहीत चढतो, आणि हे जाणूनबुजून केलेले आहे. त्यामुळे सगळ्या कंपन्यांच्या स्कोप ३ ची बेरीज केली तर जगाचे उत्सर्जन मिळत नाही, भलताच फुगलेला आकडा मिळतो. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत ही गफलत अधूनमधून दिसते.

या खात्याची गरज का पडली, हे सोपे आहे. ते नसेल तर कंपनीने धुराडी असलेला कारखाना विकून तोच माल बाहेरून घ्यायला सुरुवात केली की अहवालात ती ‘स्वच्छ’ होते. हवेत काहीच बदललेले नसते.

शेलचा खटला

तेल कंपन्यांच्या बाबतीत स्कोप ३ म्हणजे प्रामुख्याने ग्राहकाने जाळलेले इंधन, आणि त्यांच्या एकूण उत्सर्जनात त्याचाच वाटा प्रचंड असतो. शेलने २०३० पर्यंत आपले उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करावे, असा निकाल हेग येथील जिल्हा न्यायालयाने मे २०२१ मध्ये दिला. त्यात स्कोप ३ सुद्धा होता, मात्र त्यासाठी कसोशीने प्रयत्न करण्याची जबाबदारी होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. उत्सर्जन मर्यादित ठेवण्याचे कर्तव्य कंपनीला आहे, हे न्यायालयाने मान्य केले. पण नेमकी टक्केवारी कंपनीवर लादता येणार नाही, आणि शेलने विकणे थांबवलेले इंधन दुसरा कोणी विकू शकतो, असे म्हटले. स्कोप ३ च्या टीकाकारांचा हाच मुख्य मुद्दा आहे.

आकडा येतो कुठून?

बहुतेक वेळा मोजणीतून नव्हे, तर अंदाजातून. हजारो पुरवठादार असलेली कंपनी प्रत्येकाचे वीजबिल मागवू शकत नाही. मग खरेदीचा खर्च घ्यायचा आणि त्या उद्योगाच्या सरासरी गुणकाने गुणायचे. ही पद्धत झटपट आहे, पण तिच्यात एक मोठी खोट आहे. कंपनीने जास्त कोळसा जाळणाऱ्या कारखान्याचे स्वस्त पोलाद घेतले तर खर्च घटतो आणि कागदावर उत्सर्जनही घटते! लोहखनिज व कोळशापासून एक टन पोलाद बनवताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तर भंगार वितळवून बनवलेल्या पोलादात तो बराच कमी असतो. खर्चाच्या गणिताला हा फरक दिसत नाही. चांगल्या भट्टीत पैसे घालणाऱ्या पुरवठादाराला त्याचे श्रेय हवे असेल, तर वजनावर आणि प्रत्यक्ष ऊर्जावापरावर आधारलेली नोंदच हवी.

कायदा काय म्हणतो?

देशागणिक वेगळे. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने मार्च २०२४ च्या नियमांतून स्कोप ३ वगळला. कॅलिफोर्नियाने मात्र २०२३ च्या कायद्यात, १०० कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांसाठी, तो ठेवला. भारतात ‘सेबी’ने आघाडीच्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ अहवाल सक्तीचा केला. त्यातही स्कोप ३ ऐच्छिक राहिला.

निर्यातदारांना प्रत्यक्ष झळ लागते ती युरोपीय संघाच्या ‘सीबॅम’ची, म्हणजे सीमेवरच्या कार्बन शुल्काची. ते कंपनीवर नव्हे, तर आयात मालातल्या कार्बनवर आहे. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून पैशांचा टप्पा सुरू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज त्यात येतात. पोलादाचे नट-बोल्ट सुरुवातीच्या यादीतच होते. शुल्क युरोपातला आयातदार भरतो, पण कोक, वीज आणि कच्च्या मालाच्या नोंदी तो इकडच्या कारखान्याकडे मागतो. त्या नसतील तर युरोपीय आयोगाने ठरवलेला प्रमाण आकडा लागू होतो, आणि तो नोंद न ठेवणाऱ्याच्या सोयीचा नसावा अशाच बेताने ठरवलेला असतो.