६४ केबीतला इतिहास

गडकोट, शिलालेख, बखरी यांवर या पानावर पुष्कळ लिहून झाले आहे. आजचा विषय जेमतेम वीस वर्षांपूर्वीचा आहे: पुण्यात तयार झालेले मोबाइलवरचे खेळ. काळ इतका जवळचा, पण त्याची साधने आताच नाहीशी होऊ लागली आहेत.

आयफोन २००७ साली आला. त्याआधी, आणि आपल्याकडे त्यानंतरही काही वर्षे, खेळ चालत ते बटणांच्या जावा फोनांवर. प्रत्येक मॉडेलचा पडदा निराळा. कुठे १२८ × १२८ ठिपके, कुठे १७६ × २०८, कुठे २४० × ३२०. परदेशात रचलेला एकच खेळ या सगळ्यांवर बसवून द्यावा लागे. या कामाला पोर्टिंग म्हणत. देहूरोडहून लोकलने शिवाजीनगरला उतरून हे काम करणाऱ्यांत मीही होतो.

नोकियाच्या काही स्वस्त फोनांत ६४ केबीपेक्षा मोठी फाइल चालतच नसे. आज व्हॉट्सॲपवर येणारे सुप्रभाताचे चित्रसुद्धा बहुधा याहून जड असते. मग काटछाट सुरू होई. धावण्याच्या आठ चित्रांची चार करायची, रंग कमी करायचे, संगीत काढून टाकायचे. नायक डावीकडे वळला की वेगळे चित्र न ठेवता उजवीकडचेच आरशासारखे उलटवायचे. त्यामुळे उजव्या हातातली तलवार क्षणात डाव्या हातात जाई. खेळणाऱ्याच्या ते क्वचितच लक्षात येई. एवढे करूनही जागा पुरली नाही, तर आमच्याकडे 'अबाउट'च्या पानावरची आमची नावे गळत.

देहूरोड हे लष्करी डेपोचे गाव. माझे वडील डेपोतच नोकरीला होते आणि कामाविषयी घरी अवाक्षर काढत नसत. गोपनीयतेच्या करारावर सही करून मी घरी आलो, तेव्हा त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही.

२००८ मध्ये युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला. पुढे २०२० च्या सप्टेंबरात, 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओ करीत असल्याचे जाहीर झाले. (मूळ खेळाचा आरंभ हिंदुस्थानातल्या एका महाराजावरील स्वारीने होतो, हा योग मोठा गमतीचा.) पहिल्या झलकेतील चित्रणावर टीका झाली, तारीख लांबत गेली आणि मे २०२२ मध्ये काम मूळ माँट्रियल स्टुडिओकडे गेले.

त्याच २०२० साली पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' प्रसिद्ध झाला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी, निवेदक म्हणून दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वास्तूंचा परिसर, कथाभागासाठी छायाबाहुल्या. २०१७ ची किकस्टार्टरवरची वर्गणीची मोहीम फसली होती, तरी काम थांबले नाही. द गेम अवॉर्ड्समध्ये उत्तम पदार्पणासाठी 'राजी'ला नामांकनही मिळाले. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती त्याच्या शेवटची नामावली, कारण तिथे रचणारे आणि राबणारे एकाच यादीत आहेत.

जावा खेळांना असे भाग्य लाभले नाही. ते विकणारी मोबाइल कंपन्यांची पोर्टले बंद झाली, फोन भंगारात गेले. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होते. खेळांना तसा नियम नाही. जे काही उरले आहे, ते हौशी मंडळींनी जपलेल्या जार फाइलींत. आमच्या शेजारच्या देहूत इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांच्या पाठांतरातून वाचली, असे पुष्कळजण मानतात. खेळ पाठ करता येत नाही, एवढाच फरक.

म्हणून एक विनंती. घरात जुना नोकिया किंवा सोनी एरिक्सन पडून असेल तर तो चार्ज करून पाहा. खेळ सापडला तर फोनचे मॉडेल आणि फाइलचे नाव लिहून ठेवा, आणि 'अबाउट'चे पान शाबूत असेल तर त्यावरची नावे आधी उतरवून घ्या.