गप्प बसलं तर उत्तर 'नाही': मंजूर झालेला पैसा रद्द कोण करतं?

समजा, तुमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी दोन लाख मंजूर झाले. सहा महिने झाले, टाकी गळतेच आहे. सेक्रेटरी म्हणतो, "उगाच खर्च कशाला? मी पैसे वाचवतोय." आता मला सांगा, वाचवायचा हा अधिकार त्याला दिला कोणी?

अमेरिकेत १९७२ साली हाच वाद पेटला, आणि तोही पाण्यावरूनच. तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, नद्यांचं प्रदूषण रोखणारा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी १७ ऑक्टोबरला त्यावर व्हेटो वापरला. दुसऱ्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांशाहून जास्त मतांनी तो उडवून लावला.

विषय संपला? छे! सांडपाणी प्रकल्पांसाठी कायद्यात पहिल्या दोन वर्षांचे ११ अब्ज डॉलर ठरले होते. निक्सननी सांगितलं, त्यातले ५ अब्जच वाटा. व्हेटोने जमलं नाही, ते तिजोरी बंद ठेवून केलं.

याला म्हणतात इम्पाउंडमेंट. प्रकार जुनाच होता. १८०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी गनबोटींचे ५०,००० डॉलर खर्च केले नव्हते. पण मिसिसिपी नदीवरचा तणाव निवळल्यामुळे तेव्हा घाई उरली नव्हती, आणि त्यांनी काँग्रेसला तसं कळवलंही होतं. निक्सनना मात्र तो खर्चच नको होता.

न्यूयॉर्क शहर कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं: कायद्यात ठरलेली पूर्ण रक्कम वाटावीच लागेल. त्याआधीच काँग्रेसने नवा कायदा आणला होता. १२ जुलै १९७४ ला त्यावर सही केली ती खुद्द निक्सननीच! वॉटरगेटने ते पुरते घेरले गेले होते. बरोबर चार आठवड्यांनी त्यांनी पद सोडलं.

हा कायदा सांगतो काय? मंजूर निधी रद्द करायचा असेल, तर राष्ट्राध्यक्षाने काँग्रेसला कारणांसह प्रस्ताव पाठवायचा. मग अधिवेशनाचे ४५ दिवस पैसा रोखून धरता येतो. तेवढ्यात दोन्ही सभागृहांनी मान्यता दिली तरच तो रद्द. नाहीतर सोडायचा. लक्ष ठेवायला आपल्या कॅगसारखं एक ऑफिस आहे. गरज पडली तर ते कोर्टातही जाऊ शकतं.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला यातली एक गोष्ट फार आवडते. समोरून उत्तरच आलं नाही, टाइमआउट झाला, तर सिस्टीमने काय करायचं? १९७४ च्या लोकांनी ठरवलं: काँग्रेस गप्प बसली, तर राष्ट्राध्यक्षाला उत्तर 'नाही'.

पण डिझाइनमध्ये एक फट राहिली. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने रीतसर मतदान करून सुमारे ९ अब्ज डॉलर रद्द केले. तो झाला सरळ मार्ग. ऑगस्टच्या शेवटी ट्रम्प सरकारने परदेशी मदतीचे आणखी ४.९ अब्ज रद्द करायचा प्रस्ताव पाठवला. तिथलं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं. म्हणजे ४५ दिवस पुरे व्हायच्या आधीच पैशाची मुदत संपणार! हे बेकायदा आहे, असं त्या लेखापरीक्षण ऑफिसचं म्हणणं. सुप्रीम कोर्टाने मात्र २६ सप्टेंबरला सुमारे ४ अब्ज तूर्तास रोखून ठेवायला परवानगी दिली. अंतिम निकाल नव्हता तो, पण चार दिवसांनी वर्षच संपलं. जी शांतता 'नाही' म्हणत होती, तीच आता 'हो' म्हणायला लागली.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या सभेत टाळ्या वाजवून ठराव मंजूर झाला, की लगेच हात वर करा आणि विचारा: खर्च नाही झाला तर जाब कोणाला विचारायचा, आणि कोणत्या तारखेच्या आत?