काळ्या दांतांची शोभा



दांतांच्या शोभेची गोष्ट निघाली म्हणजे आज प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें शुभ्र दंतपंक्तीच उभी राहते. कुंदकळ्यांची उपमा आपल्याकडे जुनीच आहे. परंतु ह्याच महाराष्ट्रांत शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं सुवासिनीचे दांत काळे असणें हें रूपाचें व सौभाग्याचेंहि लक्षण मानीत असत, ही गोष्ट आतां बहुतेक विस्मृतींत गेली आहे.

माझ्या लहानपणीं भिवंडीस आमच्या आजीच्या फणेऱ्यांत कुंकवाच्या करंड्याशेजारीं एक पितळी डबी असे. आंतली पूड केव्हांच संपलेली होती. तळाशीं काळा डाग तेवढा उरला होता. ती दांतवणाची डबी. हिरडा, मायफळ व हिराकस हीं दांतवणांतील मुख्य द्रव्यें. मुसलमान कुटुंबांतून ह्याच जातीच्या पुडीस मिस्सी म्हणत. लग्न झालेल्या बाईनें दांतवण लावावें आणि वैधव्य आलें कीं कुंकवाबरोबर तेंहि सोडावें, असा रिवाज होता. बाईनें तोंड उघडतांच तिची स्थिति पाहणाऱ्यास कळे. ह्यांत सौंदर्य किती आणि सक्ति किती, ह्याचा विचार त्या काळीं फारसा कोणी केला नाहीं.

ह्या काळ्या रंगामागील रसायन सोपें आहे. हिरड्यांत व मायफळांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें आणि हिराकस म्हणजे लोहाचा क्षार. दोहोंचा ओलाव्यांत संयोग होऊन हवा लागली कीं काळाभोर रंग तयार होतो व तो चिकटून बसतो. आम्ही शाळेंत वापरीत असूं ती निळी-काळी शाई ह्याच तत्त्वावर होत असे. जपानांतील स्त्रियाहि लोखंड आंबवून काढलेलें पाणी आणि टॅनिनयुक्त पूड दांतांस लावीत. त्या प्रथेस तेथें ओहागुरो म्हणत. असा लेप दांतांस किडीपासून कांहीं अंशीं जपतो, असेंहि पुढें आढळून आलें. इ.स. १८७० मध्यें तेथील सरकारनें सरदारवर्गास दांत काळे करण्याची मनाई केली आणि १८७३ मध्यें खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दांतांनीं लोकांसमोर आली. तेव्हांपासून ती चाल ओसरूं लागली. आपल्याकडे असा हुकूम कोणी काढला नाहीं. शिकलेल्या घरांतून दांतवण आपोआपच मागें पडलें.

दांत रंगविण्याची आवड मात्र ह्याहून पुष्कळ जुनी. वात्स्यायनानें सांगितलेल्या चौसष्ट कलांत वस्त्रें व अंग ह्यांच्या जोडीनें दांत रंगविण्याची कलाहि मोजली आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीं अल्-मसूदी हा अरब प्रवासी आपल्या उत्तर कोंकणांतील चौल बंदरीं येऊन गेला. विड्यानें येथील लोकांचे दांत डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल होतात आणि पांढरे दांत त्यांना आवडत नाहींत, असें त्यानें नमूद केलें आहे. चौल आमच्या भिवंडीपासून फार दूर नाहीं. तेव्हां आमच्या पूर्वजांनाहि तीच लाली प्रिय असावी, असा तर्क मी करतों.

मग पांढऱ्याचें राज्य कसें आलें? छायाचित्रें, जाहिराती आणि विशेषतः बोलपट ह्यांनीं तें आणलें. १९३७ मध्यें कोलगेट कंपनीनें हिंदुस्थानांत आपला व्यवसाय मांडला. राखुंडी व बाभळीची काडी ह्यांना शहरांतून उतरती कळा लागली. तिकडे अमेरिकेंत चार्ल्स पिंकस नांवाच्या दंतवैद्यानें १९२८ च्या सुमारास नटनटींच्या दांतांवर चित्रीकरणापुरते पातळ पापुद्रे चिकटविण्याची युक्ति काढली. काम संपलें कीं ते काढून ठेवीत, कारण ते धरून ठेवील असा डिंक तेव्हां नव्हता. १९५५ मध्यें ब्यूनोकोर ह्यानें सौम्य आम्लानें दांताचा पृष्ठभाग खरखरीत केल्यास त्यावर राळ घट्ट बसते, असें दाखविलें, आणि तात्पुरत्या सोंगाचा कायमचा धंदा झाला.

रंग उडविण्याची रीत तर जवळजवळ योगायोगानेंच हातीं आली. हिरड्या बऱ्या होण्यासाठीं दिलेल्या पेरॉक्साइडच्या औषधानें रोग्यांचे दांतहि उजळले, हें १९६० नंतरच्या दशकांत एका अमेरिकन दंतवैद्याच्या लक्षांत आलें. १९८९ मध्यें हेवुड व हायमन ह्यांनीं ती पद्धति शास्त्रीय लेखांत मांडली. हें औषध दांताच्या आंत झिरपून रंगद्रव्यें मोडतें. त्यानें दांत कांहीं दिवस ठणकतात, परंतु दांत घासून कमी करावा लागत नाहीं. उलट चिनी मातीचे पापुद्रे बसवितांना पुष्कळदां समोरचें लुकण थोडें खरवडतात. आणि लुकण एकदां गेलें कीं शरीर तें पुन्हां बनवीत नाहीं. विवाह ठरलेल्या मुलामुलींनीं घाईनें निरोगी दांत घासून घेऊं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे. बऱ्याच डागांना नुसती साफसफाई पुरते.

आणखी एक सांगितल्यावांचून राहवत नाहीं. दांतवण गेलें, तरी भाजलेल्या तंबाखूची मशेरी अद्याप कित्येक बायका दांतांस लावतात. रंग काळा म्हणून ती दांतवणाची बहीण नव्हे. दांतवणांत तंबाखू नसे. मशेरीनें तोंडाचा कर्करोग ओढवूं शकतो. गुटख्यास महाराष्ट्र सरकारनें २०१२ मध्यें बंदी केली; मशेरी मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते, तेथें कायद्याचा हात कसा पोंचावा?

ज्यांना दांत उजळून घ्यावयाचे असतील त्यांनीं नोंदणी झालेल्या दंतवैद्याकडेच जावें. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानें ही नोंदणी आवश्यक केली आहे. तेथें दांताचा रंग जुळविण्यासाठीं नमुन्याच्या दांतांची एक ओळ दाखवितात. १९५६ पासून चालत आलेल्या व्हिटा कंपनीच्या ओळींत सोळा छटा आहेत, आणि त्या माणसांच्या खऱ्या दांतांवरून घेतलेल्या असल्यामुळें बहुतेक किंचित् पिवळसर वा करड्याच आहेत. पुढें गिऱ्हाइकांना ह्यांतली सर्वांत पांढरी छटाहि पुरेना, म्हणून तिच्याहून पांढऱ्या छटा नव्यानें तयार कराव्या लागल्या.