व्हिक्टोरिया ३ (उपभोग्य वस्तू आणि मागणी)

स्टॉकहोमच्या पॅरॅडॉक्स कंपनीचा ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला संगणकीय खेळ. काळ १८३६ ते १९३६. खेळाडू एखादा देश चालवतो. युद्धेही होतात, पण खरा कस लागतो तो बाजारभाव सांभाळताना.

प्रत्येक वस्तूला एक मूळ किंमत असते : धान्य २०, कपडे ३०. मागणी आणि पुरवठा समसमान असतील तर हाच भाव टिकतो. मागणी पुरवठ्याच्या दुप्पट झाली की भाव ७५ टक्क्यांनी चढतो, म्हणजे कपडे साडेबावन्नवर जातात, आणि तिथेच थांबतात. घसरणीलाही तेवढीच मर्यादा. मूळ आवृत्तीत माल साठवून ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे साठेबाजाचा धंदाच बुडालेला!

मागणी ठरते लोकांच्या ऐपतीवरून. गरिबाला धान्य, साधे कपडे आणि शेकोटीपुरते लाकूड पुरते; हाती पैसा आला की चहा-कॉफी, चिनी मातीची भांडी, उंची फर्निचर लागते. गरज एकच असली तरी वस्तू बदलते : कोळसा स्वस्त झाला तर लोक लाकडाऐवजी कोळसा जाळतात. मुस्लीम प्रजेत दारूचा खप कमी राहतो.

नवखा खेळाडू हमखास फसतो तो फर्निचरच्या कारखान्यात. कारखाने वाढवले की लाकूड महागते, फर्निचर मात्र स्वस्त होते. गिऱ्हाईक खूश, पण नफा आटतो आणि पगार वाढवणे परवडत नाही. मग आधी लाकूडतोड वाढवावी लागते, नाहीतर परदेशी बाजार गाठावा लागतो.