ट्रायलला दिलेली गाडी आणि कायद्यातला मालक

आपल्या मुखेडात जुनी मोटारसायकल विकायची म्हणजे पहिलं वाक्य ठरलेलं: "आधी एक चक्कर मारून बघा." चावी देताना लायसन कुणी विचारत नाही, इन्शुरन्सचा कागद तर लांबच. पण त्या एका चकरेत कुणाला उडवलं तर भरायचं कुणी? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

मोटारी नव्या होत्या तेव्हा विम्याची सक्तीच नव्हती. गाडीखाली माणूस मेला तर घरच्यांनी 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा लावायचा. गाडीवाला कफल्लक निघाला तर हुकूमनामा नुसता पेटीत ठेवायचा. इंग्लंडने 1930 मध्ये विमा सक्तीचा केला. आपल्याकडे 1939 च्या मोटार कायद्यात तो आला खरा, पण लागू झाला 1 जुलै 1946 पासून. तोही ब्रिटिश मुलखात. मुखेड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणांची सोय 1956 च्या दुरुस्तीने झाली.

हा सक्तीचा विमा पहिल्यापासून बाहेरच्या माणसासाठी आहे, थर्ड पार्टीसाठी. हँडल ज्याच्या हातात, तो थर्ड पार्टी नाही. ट्रायलची सगळी गोम इथेच आहे.

शोरूमवाल्यांची वेगळी सोय आहे. पासिंग न झालेली नवी गाडी ते ट्रेड सर्टिफिकेटवर रस्त्यावर आणतात. 1989 च्या केंद्रीय नियमांतल्या नियम 41 मध्ये गिऱ्हाईकाला ट्रायल देणं हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यासाठी मोटार ट्रेड नावाची पॉलिसीही असते.

तरी वाद होतातच. सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडमधल्या एका प्रकरणाचा निकाल दिला. डीलरकडची गाडी हिंदुस्थान मोटर्सचेच कर्मचारी ट्रायलला घेऊन गेले आणि अपघातात त्यांच्यातलाच एक जण गेला. कंपनी म्हणे, मालक डीलर. कोर्टाने बघितलं की अपघाताच्या वेळी गाडी कुणाच्या ताब्यात, कुणाच्या हुकमात होती. डीलर सुटला, जबाबदारी कंपनीवर आली.

आता आपल्याकडच्या व्यवहारात ना डीलर ना ट्रेड सर्टिफिकेट. 2009 चं निंगम्मा प्रकरण शेजारच्या कर्नाटकातलं. मागून घेतलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळली, चालवणारा गेला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, गाडी मागून घेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे तेव्हाच्या कलम 163-अ खाली घरच्यांना भरपाई नाही. दुसऱ्या कलमाखाली काही बसतं का हे बघायला प्रकरण परत हायकोर्टात गेलं. म्हणजे बाईचा खेटा काही सुटला नाही. 2018 पासून मालक-चालकाला 15 लाखांचं अपघाती कवच आहे, पण ते ज्याच्या नावावर गाडी, त्यालाच. चक्कर मारायला आलेल्या पोराला नाही.

आणि चावी देणाऱ्याचं काय? पोराकडे लायसन नसेल तर 2004 च्या स्वर्णसिंग निकालाची वाट मोकळी आहे: विमा कंपनी जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. विमाच संपलेला असेल तर सगळा बोजा थेट मालकावर. लोकांच्या जमिनीवर गदा येते ती अशाने.

बरं, गाडी विकून टाकली म्हणून सुटका होते का? 2018 च्या नवीन कुमार प्रकरणात गाडी हातोहात फिरली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. सुप्रीम कोर्टाने भरपाई त्याच्यावरच टाकली. त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्याकडे सह्या केलेले फॉर्म 29 आणि 30 गिऱ्हाईकाच्या खिशात देऊन मोकळे होतात. तसल्या एमएच-26 च्या किती गाड्या तालुक्यात फिरतात, कमेंटमध्ये तुम्हीच सांगा.