विल्सन महाविद्यालय, मुंबई

विल्सन महाविद्यालय हे मुंबईतील गिरगाव चौपाटीसमोर असलेले महाविद्यालय आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या इंग्रजी शाळेतून ते उदयास आले. मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्या (१८५७) पंचवीस वर्षे आधी आरंभ झालेल्या या संस्थेची गणना शहरातील सर्वांत जुन्या शिक्षणसंस्थांत होते.

स्थापना

विल्सन १८२९ मध्ये पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस आले. त्यांनी मराठी, गुजराती, संस्कृत आदी भाषांचा अभ्यास केला. मार्गारेट यांनी १८३५ मधील आपल्या मृत्यूपर्यंत मुलींच्या शाळा चालवल्या. जॉन विल्सन यांची शाळा गिरगावातील आंब्रोळी येथे भरत असे. इंग्रजी शिक्षणाबरोबर तेथे बायबलचेही शिक्षण दिले जाई. इंग्रजीच्या ओढीने हिंदू व पारशी कुटुंबे आपली मुले या शाळेत पाठवत असत. धर्मप्रसार हा संस्थेचा उघड हेतू होता.

धर्मांतराचे खटले

१८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात मोठा क्षोभ उसळला, अनेक पालकांनी मुले काढून घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आपण कोठे राहावे हे ठरविण्याची मुभा न्यायालयाने धनजीभाईंना दिली. ते मिशनरींकडेच राहिले.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी राहत होता. या वेळी मात्र न्यायालयाने मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. मिशनरींच्या घरी अन्नग्रहण केलेल्या श्रीपतीला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात वाद पेटला. प्रायश्चित्त देऊन त्याला सामावून घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतला. सनातन्यांनी त्यास कडाडून विरोध केला. शाळेच्या आवारात उद्भवलेला प्रश्न अशा रीतीने हिंदू समाजसुधारणेच्या चर्चेचा विषय बनला. नारायण शेषाद्री पुढे धर्मोपदेशक झाले व जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली.

चर्चमधील फूट

त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. विल्सन व त्यांचे सहकारी नव्या फ्री चर्चला जाऊन मिळाले. परिणामी मूळ चर्चच्या मालकीची इमारत त्यांना सोडावी लागली आणि संस्थेची घडी नव्याने बसवावी लागली.

महाविद्यालयाचा विकास

१८६१ मध्ये संस्थेला मुंबई विद्यापीठाची मान्यता मिळाली. विल्सन १८६८ मध्ये विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ डिसेंबर १८७५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचेच नाव महाविद्यालयास लाभले. चौपाटीसमोरील गॉथिक शैलीतील इमारत वास्तुविशारद जॉन ॲडम्स यांच्या आराखड्यानुसार १८८९ मध्ये उभी राहिली. प्राचार्य ड्यूगल्ड मॅकिकन हेही पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

प्रभाव

ज्या धर्मांतरांमुळे संस्था वादग्रस्त ठरली, त्यांची संख्या विद्यार्थिसंख्येच्या मानाने अल्पच राहिली. बहुसंख्य विद्यार्थी स्वधर्मातच राहून येथील आधुनिक विद्या घेऊन बाहेर पडले. 'धर्मशास्त्राचा इतिहास' या बृहद्ग्रंथाचे कर्ते, भारतरत्न पांडुरंग वामन काणे हे याच महाविद्यालयाचे विद्यार्थी होते.